मुन्सफ कचेरीपासून उच्च न्यायालयापर्यंत : अन्ना चांडी

स्त्रियांना वकिली करू द्यावी की नाही, हा प्रश्न आपल्या देशात तीस वर्षे घोळत राहिला होता. नाशिकला जन्मलेल्या आणि बालपणीची काही वर्षे आपल्या बेळगावात काढलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याच्या परीक्षेस बसल्या. परंतु ब्रिटिश हिंदुस्थानातील स्त्रियांच्या वकिलीस आड येणारा निर्बंध कायद्याने दूर झाला तो १९२३ साली. दक्षिणेत त्रावणकोर संस्थानात त्यानंतर तीनच वर्षांनी एका सिरियन ख्रिस्ती तरुणीने कायद्याची पदवी मिळविली. केरळातील ही पहिली कायदा-पदवीधर स्त्री म्हणजे अन्ना चांडी. (हे नाव वाचून आपल्याकडील वाचकास एखादे धोतर-उपरण्यातले ‘अण्णा’ आठवावेत, हा केवळ योगायोग!)

त्यांचा जन्म ४ मे १९०५ चा, त्रिवेंद्रमचा. १९२९ पासून त्या वकिली करू लागल्या व फौजदारी खटल्यांत त्यांनी नाव मिळविले. परंतु त्यांचा खरा परिचय घडतो तो त्याच्या आदल्या वर्षीच्या एका सभेत. स्त्रियांना सरकारी नोकऱ्या द्याव्यात काय, हा विषय होता. नामांकित विद्वान टी. के. वेलु पिळ्ळै विरोधी बाजूने उभे होते. स्त्रिया नोकरीस लागल्या तर संसाराची हेळसांड होईल, काही मोजक्या घरांत पैसा एकवटेल आणि पुरुषांच्या स्वाभिमानास धक्का पोहोचेल, असे त्यांचे म्हणणे. वयाची पंचविशीही न गाठलेल्या अन्नांनी व्यासपीठावर जाऊन त्यांचा एकेक मुद्दा न्यायालयातल्यासारखा खोडून काढला. नोकरीकडे त्या उपकार म्हणून पाहत नव्हत्या. उपजीविका हा त्यांच्या लेखी स्त्रीचा हक्क होता.

हा हक्क त्यांनी सोयीपुरता मागितला नाही, हे मला विशेष वाटते. संस्थानात स्त्रीला फाशीतून सूट होती. वरकरणी ही दयाच. पण अन्नांनी या सवलतीसही विरोध केला. अधिकारात समता हवी, तर दंडातही ती पत्करली पाहिजे, ही त्यांची भूमिका. ती आजही अनेकांस कठोर वाटेल. मृत्युदंडच नसावा असे मानणाऱ्यास तर ती मुळीच रुचणार नाही. तथापि तिच्यातील तर्कशुद्धता नाकारता येत नाही. स्त्रीचा स्वतःच्या देहावरील अधिकार आणि संततिनियमन या विषयांवरही त्या त्या काळात उघडपणे बोलत होत्या.

‘श्रीमती’ हे स्त्रियांचे नियतकालिक त्यांनी काढले आणि संपादिले. श्रीमूलम लोकसभेच्या, म्हणजे संस्थानच्या प्रतिनिधिसभेच्या, पहिल्या निवडणुकीत त्यांची यथेच्छ बदनामी झाली व त्या पडल्या. पुढे १९३२ साली त्या निवडून आल्या.

१९३७ मध्ये दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांनी त्यांना मुन्सफ नेमले. मुन्सफी ही न्यायखात्याच्या उतरंडीतील खालची पायरी खरी. पण देशात त्या पायरीवर तोवर स्त्री चढलेली नव्हती. १९४८ मध्ये त्या जिल्हा न्यायाधीश झाल्या आणि ९ फेब्रुवारी १९५९ रोजी केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती. भारतातील कोणत्याही उच्च न्यायालयावरील ही पहिली स्त्री. ज्या इंग्लंडकडून आपण ही न्यायपद्धती घेतली, तेथे एलिझाबेथ लेन यांच्या रूपाने हा योग १९६५ साली आला. आणि मुंबई उच्च न्यायालयास सुजाता मनोहर यांच्या नेमणुकीसाठी १९७८ पर्यंत थांबावे लागले. सुधारणांत आपण अग्रेसर, असे म्हणणाऱ्या आपण मराठीजनांनी ही एकोणीस वर्षे ध्यानात ठेवावीत.

१९६७ साली निवृत्त झाल्यावर त्या विधी आयोगावर होत्या. ‘आत्मकथा’ हे त्यांचे आत्मचरित्र १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. २० जुलै १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. त्याआधी सात वर्षे, १९८९ मध्ये, फातिमा बीवी सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या होत्या. त्याही केरळच्याच. त्यांनी कायदा शिकावा असा आग्रह त्यांच्या वडिलांचा होता, आणि वडिलांसमोर उदाहरण होते ते अन्ना चांडींचे.