पिशोरच्या ताटातील आफ्रिका

कन्नड तालुक्यातील पिशोर आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतचा सारा मुलूख यांत कुणब्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या जे जेवण होत आले, म्हणजे बाजरीची अथवा ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, चवळीची उसळ, कारळ्याची चटणी आणि चिंचेचे सार, त्याची वंशावळ शोधू गेल्यास ती अरबी समुद्र ओलांडून थेट आफ्रिका खंडात जाऊन पोहोचते. बाजरीची लागवड प्रथम सहाराच्या दक्षिण काठावर, आजच्या माली देशाच्या परिसरात, इ. स. पूर्व 2500 च्या सुमारास सुरू झालेली दिसते. ज्वारी त्याहूनही जुनी, पूर्व सुदानातील. चवळी पश्चिम आफ्रिकेची आणि कारळे इथिओपियाच्या पठारावरचे. अंबाडी आणि चिंच यांचे माहेरही तेच खंड होय. ज्या अन्नाला आपण अस्सल देशी म्हणून मान देतो, ते अशा रीतीने आफ्रिकेच्या अनाम शेतकऱ्यांचे आपल्यावरील ऋण आहे, आणि या ऋणाचा उल्लेख आपल्या इतिहासलेखनात फार क्वचित आढळतो.

ही धान्ये इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकात पश्चिम भारतात पोहोचली आणि येथे रुजली, त्याला सबळ कारण होते. गहू आणि जव ही हिवाळ्याची पिके. पावसाळ्यात, बेभरवशाच्या पर्जन्यावर आणि हलक्या जमिनीवर तग धरील असे धान्य दख्खनच्या शेतकऱ्याला हवे होते, आणि दुष्काळाशी झुंजण्याचा वारसा घेऊनच आलेल्या बाजरी-ज्वारीने ती उणीव भरून काढली. धान्याबरोबर पाककृती आल्या की नाही हे सिद्ध करता येत नाही, तथापि समान धान्याने दोन्ही तीरांवर समान युक्त्या शिकवल्या, हे मात्र स्पष्ट दिसते. ज्वारीचे पीठ आंबवून आपल्याकडे आंबील होते, तर नायजेरियात ज्वारी-बाजरीच भिजवून, वाटून, आंबवून ‘ओगी’ नावाची पेज होते. सुदानात ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाची पातळ ‘किसरा’ तव्यावर पसरतात. आणि चवळी भिजवून, साले काढून, वाटून तळलेले ‘अकारा’ पश्चिम आफ्रिकेच्या रस्तोरस्ती सकाळी विकले जातात.

धान्यामागून त्या खंडातील माणसेही या मुलखात आली. इ. स. 1548 च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून हातोहात विकला गेलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने 1610 मध्ये खडकी वसवली, जी पुढे औरंगाबाद म्हणून नावारूपास आली. तिच्यासाठी नहर बांधली. आणि महसूल मक्त्याने देण्याची, म्हणजे इजाऱ्याची, पद्धत मोडून, जमिनीची प्रत व प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरवण्याची जमाबंदी घालून दिली. 1626 मध्ये त्याचे देहावसान झाले. त्याची कबर खुलताबादेत आहे. दख्खनच्या रयतेचे पीक ते काय, तर मुख्यत्वे ज्वारी-बाजरी. म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या धान्याचा महसूल आफ्रिकेतून आलेल्या मुत्सद्द्याने न्यायाने बांधून दिला.

हा संबंध अर्वाचीन काळातही तुटला नाही. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्याने जी अमेरिकेची तांबडी मिलो खाऊन दिवस काढले, तीही मूळ आफ्रिकी ज्वारीचीच शाखा होती. हैदराबादजवळील पाटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत उत्तर टोगोच्या गावठी बाजरीतून निवडलेला आयसीटीपी 8203 हा वाण 1988 मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झाला, आणि त्याच्याच सुधारणेतून लोहाचे प्रमाण अधिक असलेली ‘धनशक्ती’ बाजरी 2012 मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आली.

खेद याचा वाटतो की, ज्या काळात आपल्या शिवारात मका, कापूस आणि आले यांनी बाजरीची जागा घेतली, आणि भाकरी ही गरिबीची खूण मानून पाहुण्यापुढे पोळी वाढण्यात प्रतिष्ठा वाटू लागली, त्याच काळात आफ्रिकेची मुले आपल्या धान्याचा मान जगभर वाढवीत होती. सेनेगलचे पिएर थियाम यांनी न्यूयॉर्कमध्ये पाकगृहे चालवली, ग्रंथ लिहिले, आणि 2017 मध्ये ‘योलेले’ ही कंपनी काढून, आपल्या वरीची आठवण करून देणाऱ्या फोनिओ या पश्चिम आफ्रिकी तृणधान्याला अमेरिकेची बाजारपेठ मिळवून दिली, जेणेकरून साहेल प्रदेशातील लहान शेतकऱ्याच्या पदरात दाम पडावे. सिएरा लिओनमध्ये जन्मलेल्या आणि घानात स्थायिक झालेल्या फातमाता बिंता या फुलानी नावाच्या पशुपालक समाजाचे अन्न चटईवर पंगत मांडून वाढतात; 2022 चा बास्क पाककला जागतिक पुरस्कार त्यांना मिळाला, आणि फोनिओ पिकवणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांनी प्रतिष्ठान उभारले आहे. नायजेरियात जन्मलेल्या अदेजोके बकारे यांच्या लंडनमधील ‘चिशुरू’ या उपाहारगृहाला 2024 मध्ये मिशेलिन तारा प्राप्त झाला. या तिघांनीही आपल्या आजीच्या चुलीवरचे अन्न, त्याचे सत्त्व न बिघडवता, तेथील धान्यासह आणि आपल्या भूमीच्या नावासह जगापुढे ठेवले, हे त्यांच्या यशाचे मर्म मला वाटते.

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने 2023 हे भरडधान्य वर्ष पाळले. परंतु धान्याचा खरा गौरव ठरावांनी होत नाही, तो ताटात व्हावा लागतो. वेरूळची लेणी आणि खुलताबादचे दर्गे पाहण्यास देशोदेशींचे प्रवासी येतात. त्या वाटेवरील खाणावळींनी आणि पिशोर-कन्नडकडील महिला बचत गटांनी बाजरीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि कारळ्याची चटणी यांचे ताट अभिमानाने मांडावे, त्याचा इतिहास सांगावा, आणि भाकरी थापणाऱ्या हातांना तिचे रास्त मोल द्यावे. वाचकहो, आपल्या घरीही पुढच्या पाहुण्याला प्रथम भाकरीच वाढा.