थरांवर थर : मुंबई-महाराष्ट्रातील घरगुती वायरिंगचा इतिहास

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये आणि आसपासच्या काही रस्त्यांवर १८८२ साली विजेचे दिवे लागले. परंतु ते लावणारी ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसच्या दिव्यांवर आले. शहराला कायमची वीज मिळू लागली ती १९०५ नंतर, बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीने वाडीबंदरला वाफेवर चालणारे वीजकेंद्र उभारल्यावर. पुढे १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची त्यात भर पडली. धरणे, केंद्रे आणि कंपन्या यांचा हा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. मीटरच्या अलीकडे, घराच्या भिंतीवर आणि भिंतीत काय घडत गेले याचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहिलेला नाही, आणि विजेचा माणसाच्या जिवाशी रोजचा संबंध येतो तो नेमका तिथेच. हा इतिहास कागदांपेक्षा वायरमनच्या हाताला अधिक ठाऊक आहे, कारण जुन्या घरातला बोर्ड उघडला की तीन-चार पिढ्यांचे काम एकावर एक चढलेले त्यालाच दिसते.

पहिल्या पिढीचे वायरिंग लाकडी पट्टीतले होते. सागवानी पट्टीत दोन समांतर खाचा पाडलेल्या असत. एका खाचेतून फेज, म्हणजे दाब असलेली तार, आणि दुसरीतून न्यूट्रल, म्हणजे प्रवाह परत नेणारी तार, अशा दोन तारा नेऊन वरून लाकडाचेच झाकण स्क्रूने बसवीत, आणि या पद्धतीला केसिंग-कॅपिंग म्हणत. तारेवरचे आवरण व्हल्कनाइज्ड रबराचे असे. रबरातील गंधकाने तांबे खराब होऊ नये म्हणून तारेला कल्हई केलेली असे आणि रबरावर सुती विणीचे वेष्टण असे. तारांचे जोड पिळून, त्यांवर डाख देऊन, मग रबरी व काळी पट्टी गुंडाळून केले जात. हे काम वेळखाऊ आणि महाग होते, पण ते फार नेकीने केलेले होते, आणि जुन्या वाड्यांत व चाळींत त्याचे जे अवशेष अजून सापडतात त्यांतील जोड आजच्या पुष्कळशा जोडांपेक्षा भक्कम असल्याचे दिसून येते.

दोष होता तो रबरात. उष्णतेने आणि हवेने रबर वाळत जाते, पंचवीस-तीस वर्षांत कडक होते आणि मग हात लागताच त्याचा भुगा होतो. विशेष म्हणजे तार जागेवरून हलली नाही तर असे वायरिंग पुढेही वर्षानुवर्षे मुकाट चालत राहते, त्यामुळे घरमालकाला ते उत्तम आहे असेच वाटते. एखादा स्विच बदलण्यासाठी वायरमन बोर्ड भिंतीपासून वेगळा करतो, तारा जराशा वाकतात, वेष्टणाच्या आतले रबर खपलीसारखे गळून पडते आणि दोन उघड्या तारा वाळलेल्या लाकडात शेजारी शेजारी उरतात. अशा वेळी बिघाड वायरमनने केला असे घरच्यांना वाटते. वास्तविक तो तीस-चाळीस वर्षे तिथे होताच, त्याने फक्त उघडा पाडला.

लाकडी पट्टीची जागा पुढे बॅटन वायरिंगने घेतली. यात सपाट बारीक पट्टी भिंतीवर ठोकून तिच्यावर जाड रबरी कवचाच्या आणि नंतर पीव्हीसीच्या तारा पत्र्याच्या क्लिपांनी बसवीत. हे काम स्वस्त व झटपट होते. चाळीतील एका खोलीच्या बिऱ्हाडाला वीज परवडू लागली ती बऱ्याच अंशी या पद्धतीमुळे. मात्र दिव्यांच्या वायरिंगमध्ये तारा दोनच राहिल्या. तिसरी तार, म्हणजे उपकरणाचा धातूचा भाग जमिनीशी जोडणारी अर्थिंगची तार, पुष्कळ घरांत टाकलीच गेली नाही, आणि तीन पिनांच्या सॉकेटचे वरचे मोठे भोक केवळ शोभेपुरते राहिले. गोल पिनांचे पाच व पंधरा अँपियरचे हे सॉकेट ब्रिटिश मानकातून आलेले. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धानंतर ते सोडून प्लगमध्येच फ्यूज असलेली चौकोनी पिनांची पद्धत स्वीकारली, भारतात ते सुधारित रूपात टिकून राहिले.

अर्थिंग जिथे होते तिथेही ते बरेचदा नळाच्या पाइपला बांधलेले असे. पाइप लोखंडी, जमिनीत दूरवर गेलेला, त्यामुळे त्या काळी ही सोय कामचलाऊ का होईना, उपयोगी पडत असे. पुढे इमारतींचे गंजलेले पाइप काढून प्लास्टिकचे पाइप बसवले गेले आणि ते काम करणाऱ्या प्लंबरला, आपण नळाबरोबर सबंध मजल्याचे अर्थिंगही तोडतो आहोत, याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. दिवे लागतच राहिले, पंखे फिरतच राहिले. मग एखाद्या बिऱ्हाडातल्या गिझरचे कॉइल फुटले की पाइपच्या उरलेल्या लोखंडी तुकड्यात दाब उतरतो आणि दुसऱ्याच बिऱ्हाडात नळाला हात लावणाऱ्याला झटका बसतो. नळाला करंट येतो ही तक्रार म्हणूनच सर्वांत अवघड मानली पाहिजे. बिघाड एका घरात, धोका दुसऱ्या घरात आणि मूळ कारण तिसऱ्याच कोणी वर्षांपूर्वी केलेल्या कामात असते.

घरातील विजेचा वापर ज्या वेगाने वाढला त्या वेगाने तारा बदलल्या नाहीत. चाळीस वॅटचा दिवा २३० व्होल्टला ०.१७ अँपियर प्रवाह घेतो, तर दोन हजार वॅटचा गिझर जवळजवळ ८.७ अँपियर, म्हणजे तशा पन्नास दिव्यांइतका. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. चार दिवे आणि एक पंखा यांच्या हिशेबाने टाकलेल्या तारेवर इस्त्री, फ्रिज आणि गिझर आले तेव्हा आधी उडू लागला तो फ्यूज. चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमधील कल्हईची बारीक तार ठरलेल्या मर्यादेच्या साधारण दुप्पट प्रवाहाला वितळते आणि भिंतीतली तार वाचवते. पण रोज अंधार होऊ लागल्यावर घरोघर त्या जागी तांब्याचा जाड पदर बांधला गेला. त्यानंतर फ्यूज उडेनासा झाला आणि त्याच्याऐवजी भिंतीतली तार तापू लागली.

याच काळात तारेचा धातूही बदलला. तांबे आयात करावे लागे आणि परकीय चलनाची टंचाई होती, म्हणून साठच्या दशकापासून घरगुती वायरिंगमध्ये ॲल्युमिनियमचा वापर वाढला. ॲल्युमिनियमवर हवेत ऑक्साइडचा वीज न वाहणारा पातळ थर चढतो, आणि स्क्रूच्या दाबाखाली हा धातू हळूहळू पसरून सैल पडतो. सैल जोडाचा रोध अर्धा ओहम जरी झाला तरी गिझरच्या प्रवाहाला त्या एका टिंबावर अडतीस वॅटच्या आसपास, म्हणजे डाख देण्याच्या विजेच्या कावियाइतकी, उष्णता निर्माण होते. फ्यूजला याचा पत्ताही लागत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. काळपट पडलेले सॉकेट आणि जळक्या बेकेलाइटचा वास ही अनुभवी वायरमनची पहिली खूण ठरली ती यामुळे, आणि बातम्यांत ज्यांचे कारण सरसकट शॉर्ट सर्किट म्हणून दिले जाते अशा कित्येक आगी खरे तर ढिल्या जोडांच्या असाव्यात असे मानायला जागा आहे.

मुंबईपुरते आणखी एक कारण कायद्यात सापडते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूंना त्याने मोठा आधार दिला, पण जिन्याखालची मीटरची जागा आणि तिथून वर जाणाऱ्या तारा यांवर पैसा खर्च करण्यात मालकाला काहीच फायदा राहिला नाही. खोलीतले वायरिंग भाडेकरूने बदलले तरी खालून येणारी तार पणजोबांच्या काळातलीच राहिली.

खेड्यांत गोष्ट निराळ्या वाटेने त्याच ठिकाणी आली. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने गावोगाव वीज नेली, आणि केंद्राच्या १९८८-८९ च्या कुटीर ज्योती योजनेतून गरीब कुटुंबांना एकाच दिव्याची जोडणी मिळाली. त्या एका दिव्यावरून पंखा, टीव्ही आणि पुढे पाण्याची मोटर घरच्याच हातांनी, दोनपदरी लवचिक वायरीने जोडली गेली. पत्र्याच्या भिंतीच्या कडेवर ही वायर घासते, पावसात पत्रा भिजतो आणि पत्र्याला बांधलेल्या लोखंडी तारेवर बाई ओले कपडे वाळत घालायला जाते. महाराष्ट्रात दर पावसाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात, आणि अनेकदा तिला सोडवायला धावलेला माणूसही दगावतो. ओल्या शरीराचा रोध हजार ओहम धरला तर त्यातून ०.२३ अँपियर प्रवाह जातो. साठ वॅटचा दिवा याहून अधिक घेतो. फ्यूज किंवा साधा एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागी आलेला, जास्त प्रवाहाने आपोआप पडणारा स्विच, एवढ्याशा प्रवाहाने कधीच तुटणार नाही, कारण ती साधने तारेचे रक्षण करण्यासाठी आहेत. माणसाचे रक्षण करते ते गळती-प्रवाह ओळखणारे यंत्र, ज्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत तीस मिलिअँपियरचा फरक पडताच ते क्षणार्धात वीज तोडते.

नियम नव्हते असे नाही. १९१० चा भारतीय विद्युत अधिनियम आणि त्याखालील १९५६ चे नियम यांनी वायरिंग परवानाधारक कंत्राटदाराने, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करावे असे ठरवले; आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री हे अभ्यासक्रम आले; जोडणीपूर्वी मेगरने, म्हणजे ५०० व्होल्टचा दाब देऊन आवरणाचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने, चाचणी करून टेस्ट रिपोर्ट देणे आवश्यक झाले. व्यवहारात रिपोर्टवर सही करणारा एक आणि शिडीवर चढणारा दुसरा अशी विभागणी रूढ झाली, आणि शिडीवरच्या माणसाजवळ बहुधा टेस्टरखेरीज काही नसे. १९५६ च्या नियमांतील ४६ व्या नियमाने जोडलेल्या प्रत्येक वायरिंगची जास्तीत जास्त पाच वर्षांनी तपासणी सांगितली होती. घरांच्या बाबतीत ती क्वचितच झाली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात. ज्यांचे घर चाळीस-पन्नास वर्षांचे आहे त्यांनी परवानाधारक वायरमनकडून एकदा मेगर लावून घ्यावा, अर्थिंगची तार खरोखर जमिनीपर्यंत पोचते का ते पाहून घ्यावे, आरसीसीबी बसवावा आणि त्याचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे.