माहितीदात्याची विश्वासार्हता (मनोरुग्णाचे व्यक्तिमत्त्व-मूल्यमापन)

मनोरुग्णाचा आजारपूर्व स्वभाव ठरवताना नातेवाईक, मित्र वा सहकारी यांनी दिलेली माहिती कितपत ग्राह्य धरावी, याचा विचार. नैराश्यातील रुग्ण आपण मुळातच नाकर्ते होतो असे सांगतो. उन्मादात त्याला स्वतःचे दोष दिसत नाहीत. म्हणून जवळच्या माणसाला विचारावे लागते. मानसोपचारतज्ज्ञ मान व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये १९८१ साली मांडलेली व्यक्तिमत्त्व-मूल्यमापनाची प्रमाणित मुलाखत माहितीदात्याच्याच कथनावर आधारलेली आहे.

रुग्ण व माहितीदाता यांची उत्तरे अनेकदा जुळत नाहीत. मनमिळाऊपणासारख्या बाहेरून दिसणाऱ्या गुणांवर एकमत सहज होते. आतल्या धास्तीवर होत नाही. सहवासाचा काळ, नात्यातील कटुता, लोकलज्जा आणि काळजीवाहकाचा थकवा यांचा माहितीवर परिणाम होतो.

कोकणात स्थलांतरामुळे हा प्रश्न अधिक बिकट होतो. वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळचा एखादा चाकरमानी गणपती-शिमग्यालाच घरी येत असेल, तर आईला सणातला मुलगा ठाऊक असतो. रोजचा माणूस मुंबईतील खोलीतल्या सोबत्याला. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात त्याच्यासोबत भाऊ आला, तर ‘आजारापूर्वी भांडण झाल्यावर तो काय करायचा?’ असा प्रसंगनिष्ठ प्रश्न ‘स्वभाव कसा होता?’ यापेक्षा उपयोगी ठरतो.

शक्यतो दोन माहितीदाते घ्यावेत, आजार ओसरल्यावर रुग्णाला पुन्हा विचारावे आणि मतभेद नोंदवून ठेवावेत. चुकीच्या माहितीवरून लागलेला ‘विकृत स्वभावा’चा शिक्का पुसणे रुग्णाला फार जड जाते.