साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्याचे खरेदीदार

साउथ कॅरोलिना हे अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरचे राज्य. २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे ५१ लाख आहे. अटलांटिकला लागून असलेल्या सखल पट्ट्याला तिथे 'लोकंट्री' म्हणतात. या पट्ट्यात खाड्या, दलदल आणि सायप्रसची जंगले आहेत, आणि किनाऱ्यालगत 'सी आयलंड्स' या बेटांची रांग आहे. जमीन कोणाला मिळाली आणि कोणाच्या हातून गेली, हेच या भागाच्या साडेतीनशे वर्षांच्या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

१६६३ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने कॅरोलिनाचा मुलूख आठ सरदारांना सनदेने देऊन टाकला. मुळात तो कियावा, एडिस्टो यांसारख्या स्थानिक जमातींचा होता. त्यांची नावे आज तिथल्या बेटांना आणि नद्यांना उरली आहेत. सरदारांना वसाहत वसवायची होती, म्हणून त्यांनी जमिनीचेच आमिष दाखवले. सुरुवातीला येणाऱ्या मुक्त पुरुषाला १५० एकर, शिवाय त्याने आणलेल्या प्रत्येक धडधाकट नोकरामागे आणखी जमीन मिळे. १६७० मध्ये चार्ल्स टाउन, म्हणजे आजचे चार्ल्सटन, वसले. सुरुवातीच्या वसाहतकऱ्यांपैकी बरेच जण बार्बाडोस बेटावरून आले. उसाचे मळे आणि गुलामगिरी यांचा अनुभव ते सोबत घेऊनच आले होते. गुलाम आणला तरी जमीन वाढत असे, त्यामुळे माणसांच्या खरेदीला जमिनीचे बक्षीस जोडले गेले. १७०८ पर्यंत वसाहतीत गोऱ्यांपेक्षा काळ्यांची संख्या जास्त झाली होती.

आधी हरणांच्या कातड्यांचा व्यापार चाले. सतराव्या शतकाच्या अखेरीस भात आले आणि वसाहतीचे नशीब पालटले. अठराव्या शतकाच्या मध्यापासून नदीमुखांजवळ भरतीच्या पाण्यावर भातशेती होऊ लागली. बांधात लाकडी पेटीसारखा 'ट्रंक' बसवत आणि त्याच्या दोन्ही टोकांना झडपा असत. कोकणातल्या खारबांधाच्या उघाडीची इथे आठवण होते, पण एक मोठा फरक आहे. उघाडीचे काम खारे पाणी शेतात शिरू न देणे. कॅरोलिनातला ट्रंक मात्र भरतीच्या रेट्याने वर चढलेले नदीचे गोडे पाणी शेतात घेई आणि ओहोटीला बाहेर सोडी. पेरताना बियाणे चिकणमातीत घोळवत, म्हणजे ते पाण्यावर तरंगत नसे. मग टाचेने माती सारून ते झाकत. मळणीनंतर गवताने विणलेल्या पसरट टोपल्यांत धान्य पाखडत. यातले बरेचसे कसब पश्चिम आफ्रिकेच्या भातपट्ट्यातून पकडून आणलेल्या माणसांचे होते. सायप्रसची जंगले तोडून, चिखलात उभे राहून मैलोन्‌मैल बांध घातले ते त्यांनीच. १८४० च्या सुमारास एकट्या जॉर्जटाउन परिसरात देशातला जवळजवळ निम्मा तांदूळ पिकत होता. या संपत्तीवर चार्ल्सटनचे जे वाडे उभे राहिले, त्यांचे श्रेय मळेवाल्यांच्या नावावर जमा झाले. ते मजुरांना द्यायला हवे.

उंचवट्यावर नीळ पिके. १७४० च्या दशकात एलायझा ल्यूकस या तरुणीने तिची लागवड यशस्वी केली आणि ब्रिटिश सरकारने निळीला अनुदान दिले. स्वातंत्र्ययुद्धानंतर ते अनुदान गेले आणि ब्रिटिश बाजारपेठ बंगालच्या निळीकडे वळली. बेटांवर नीळ जाऊन लांब धाग्याचा कापूस आला.

१८६० च्या डिसेंबरात संघराज्यातून बाहेर पडणारे हे पहिले राज्य, आणि एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्धाची पहिली तोफ चार्ल्सटन बंदरातल्या फोर्ट समटरवर डागली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयल घेतले आणि मळेवाले पळाले. कर थकला म्हणून त्यांच्या जमिनी लिलावात निघाल्या, तेव्हा मुक्त झालेल्या काही कुटुंबांनी पैसे एकत्र करून जमिनी घेतल्या. जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेचा जनरल शर्मन याने किनारपट्टीची जमीन मुक्त झालेल्या प्रत्येक कुटुंबाला ४० एकरांपर्यंत देण्याचा हुकूम काढला. वर्ष सरायच्या आतच अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी तो फिरवला आणि बहुतेक जमीन जुन्या मालकांकडे परत गेली. लिलावात विकत घेतलेली जमीन मात्र टिकली. सेंट हेलेना बेटावर काही कुटुंबे त्याच जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहिली. या समाजाला गला म्हणतात, आणि त्याची भाषा व पाककला आफ्रिकेशी नाते सांगतात.

वादळे आणि मजुरांची टंचाई यांमुळे १९११ पर्यंत भाताचा व्यापार संपल्यात जमा होता. ओसाड मळे उत्तरेतल्या धनिकांनी बदकांच्या शिकारीसाठी घेतले. वॉल स्ट्रीटवरच्या बर्नार्ड बरूक याने १९०५ मध्ये हॉबकॉ इथले मळे घेतले. खरी उलथापालथ पुलांनी केली. हिल्टन हेड बेटाला १९५६ मध्ये पूल झाला आणि पुढच्याच वर्षी चार्ल्स फ्रेझर याने तिथे 'सी पाइन्स' ही वसाहत आखायला घेतली. खरेदीखतातच अटी घालून त्याने झाडे राखली आणि घरे झाडीत दडवली. किनाऱ्यावर इतरत्र याचे अनुकरण झाले. वातानुकूलन आणि गोल्फची मैदाने आली, तसे उत्तरेतले निवृत्त लोकही येऊ लागले. मात्र गला समाजाची जुनी दफनभूमी आता फाटकांच्या आत पडली, आणि टोपल्यांसाठी लागणारे 'स्वीटग्रास' कापायला किनारा मोकळा उरला नाही.

राज्याची अर्थव्यवस्था आज उद्योगांवर चालते. कापडगिरण्या बंद पडत गेल्या, तसे मिशेलिनचे टायर आले, १९९४ पासून स्पार्टनबर्गजवळ बीएमडब्ल्यूच्या गाड्या तयार होऊ लागल्या, पुढे नॉर्थ चार्ल्सटनला बोइंग आले. जमीन घेणाऱ्याला सौम्य हिवाळा आणि हलका मालमत्ता कर भुरळ घालतो. मालक स्वतः राहत असलेल्या घराचे करमूल्य बाजारभावाच्या ४ टक्के धरतात, सुट्टीपुरत्या घराचे ६ टक्के. दुसऱ्या बाजूला १९८९ च्या ह्यूगो वादळासारखी संकटे आहेत, आणि चार्ल्सटनच्या रस्त्यांवर भरतीचे पाणी चढते.

गला कुटुंबांची बरीच जमीन मृत्युपत्राशिवाय वारसांकडे गेली, म्हणजे सर्वांचा हिस्सा अविभक्त राहिला. एखाद्या दूरच्या वारसाचा हिस्सा विकत घेऊन बाहेरचा माणूस कोर्टात वाटणी मागे, आणि सगळी जमीन स्वस्तात लिलावात जाई. २०१७ पासून लागू झालेल्या कायद्याने इतर वारसांना तो हिस्सा आधी विकत घेण्याचा हक्क दिला आणि जमिनीचे मूल्यांकन बंधनकारक केले. हा कायदा त्यानंतर दाखल झालेल्या दाव्यांनाच लागू आहे. आधीच्या लिलावांत गेलेल्या जमिनी त्याने परत मिळत नाहीत.