वेशीवरचे चर्च

पुण्याच्या नाना पेठेत, क्वार्टर गेटजवळ, अमलोद्भव मातेचे चर्च उभे आहे. शहरातील ते सर्वांत जुने ख्रिस्तमंदिर. त्याचे पूर्ण नाव कागदपत्रांत राहिले. लोकांच्या तोंडी ते आजही 'सिटी चर्च'च आहे. या साध्या नावात आमच्या समाजाच्या दोन शतकांच्या इतिहासाची एक खूण दडलेली आहे, असे आम्हांस वाटते. एका अंगास लष्कर, दुसऱ्या अंगास पेठा आणि मधल्या वेशीवर हे चर्च. लष्करातील चर्चपासून ते वेगळे ओळखता यावे म्हणून 'सिटी' हे विशेषण त्याला चिकटले. म्हणजेच पुण्यात कॅथॉलिक असणे आणि शहराचे असणे या दोन गोष्टी केव्हातरी एकमेकींपासून दुरावल्या. मुळात त्या वेगळ्या नव्हत्या.

१७९२ साली या जागी चर्च उभे राहिले, तेव्हा पुण्यात इंग्रजांचे लष्कर यायला अजून पंचवीस वर्षे अवकाश होता. नाना पेठ नुकतीच वसू लागली होती. पेशव्यांच्या फौजेत ख्रिस्ती शिपाई व अंमलदार होते. त्यांपैकी दों मिगेल द नोरोन्या या अधिकाऱ्याला सवाई माधवरावांनी चर्चसाठी जमीन दिली. चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली ती १७३९ साली. म्हणजे त्या घटनेला अवघी त्रेपन्न वर्षे झाली होती. पोर्तुगीज नावाची आठवण पुण्याच्या दरबारात गोड असण्याचे काही कारण नव्हते. तरीही जमीन मिळाली. आमच्यापैकी अनेकजण प्रवचनांतून ही हकिकत पेशव्यांच्या औदार्याची कथा म्हणून सांगतात. आम्हीही सांगितली आहे. औदार्य होतेच. परंतु त्यामागचा व्यवहारही ध्यानी घेतला पाहिजे. जे लोक शहरात राहतात, शहराच्या राज्याची चाकरी करतात, त्यांच्यासाठी मरतात, त्यांना उपासनेची व पुरण्याची जागा हवी, एवढी ती सरळ गोष्ट होती. आमचे पूर्वज पाहुणे म्हणून नव्हे, तर रहिवासी म्हणून या शहराच्या हिशेबात होते.

पुढे पेशवाई गेली, लष्कर आले आणि समाजाचे तोंड फिरले. आयरिश शिपायांसाठी १८५० साली सेंट पॅट्रिक चर्च उभे राहिले. १८८६ साली पुणे धर्मप्रांत स्थापन झाल्यावर तेच महामंदिर झाले. गोव्याहून आलेले स्वयंपाकी, बेकरीवाले, शिंपी व बँडमधील वादक, तमिळ भाषिक कुटुंबे, आणि कालांतराने नगर-औरंगाबादकडून पोटासाठी आलेले मराठी कॅथॉलिक, या सर्वांचा संसार छावणीच्या आश्रयाने थाटला गेला. छावणीत रस्ता झाडला जाई, पाणी येई, दिवे लागत. पण ते सारे वरून आलेल्या हुकुमाने. १९२४ च्या कॅन्टोन्मेंट कायद्यानंतरही मंडळात लोकनियुक्त सभासद असले तरी अध्यक्षपदी लष्करी अधिकारीच बसत असे. अशा व्यवस्थेत माणूस एक कला उत्तम शिकतो: अर्ज करण्याची. 'आपला आज्ञाधारक' अशी सही करून वाट पाहण्याची. आमच्या समाजाच्या अंगी ही कला फार मुरली, असे आम्ही खेदाने म्हणतो. आजही धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत गटाराचा प्रश्न निघाला की कोणीतरी हमखास म्हणते, 'फादर, तुम्ही एक पत्र द्या.'

वेशीच्या अलीकडे मात्र निराळे शिक्षण चालू होते. पुणे नगरपालिका १८५७ साली स्थापन झाली. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात तिचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा ठराव १८८० साली आला, तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावावा असे म्हणून विरोधी मत देणारे ते एकटेच निघाले. शहरात दारूचे गुत्ते वाढतात, त्याबद्दलही त्यांनी नगरपालिकेला लिहिले. त्यांना नेमले होते सरकारने आणि बोलत होते ते गटारापलीकडच्या वस्तीच्या वतीने. लोकमान्य टिळक १८९५ साली नगरपालिकेवर निवडून आले. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ साली तिचे अध्यक्ष झाले. देशाचे राजकारण करणारी ही माणसे नळ, कचरा आणि प्राथमिक शाळा यांच्या चर्चेत तासन्‌तास बसत होती, हे आजच्या तरुणांना सांगितले तर नवल वाटते.

येथे एका ख्रिस्ती स्त्रीचे नाव घेतलेच पाहिजे. ती कॅथॉलिक नव्हती, एवढ्यासाठी आम्ही तिला वगळणार नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्यातील प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची जी दैना होत होती, तिच्याविरुद्ध पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या वृत्तपत्रात उघड पत्र लिहिले. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे, मिशनरी मित्र त्यांच्याच देशाचे. गप्प बसणे किती सोयीचे होते! पत्र खाली सहीसकट छापले गेले आणि त्याचा गवगवा विलायतेपर्यंत झाला. रमाबाईंनी अर्ज केला नाही. त्यांनी साक्ष दिली. अर्ज आणि साक्ष यांतील अंतर आमच्या समाजाने नीट मोजलेले नाही.

आता आमच्याच घरातील माणूस. जोसेफ बॅप्टिस्टा, ज्यांना लोक 'काका' म्हणत, ते १८६४ साली मुंबईच्या माझगावातील माथारपाखाडीत जन्मले. ईस्ट इंडियन कॅथॉलिक. मुंबईचे खरे, परंतु त्यांच्या आयुष्याचे धागे पुण्यात पुन्हा पुन्हा गुंततात. ते शिकले पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. नंतर केंब्रिजला जाऊन बॅरिस्टर झाले. टिळकांशी त्यांचा स्नेह जडला तो अखेरपर्यंत टिकला. १९१५ च्या मे महिन्यात पुण्यास टिळकपक्षाची प्रांतिक परिषद भरली, तिचे अध्यक्ष बॅप्टिस्टा होते. पुढच्याच वर्षी होमरूल लीग स्थापन झाली. तिचे अध्यक्ष बॅप्टिस्टा आणि चिटणीस न. चिं. केळकर. हे केळकर पुढे पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९१७ मध्ये लीगचे म्हणणे मांडण्यासाठी बॅप्टिस्टांना विलायतेस पाठविले गेले. पुण्याच्या सनातनी म्हणविल्या जाणाऱ्या वर्तुळाने एका कॅथॉलिक बॅरिस्टराला आपल्या चळवळीचा अध्यक्ष केले, आणि त्यासाठी बॅप्टिस्टांना आपला धर्म लपवावा लागला नाही की पातळ करावा लागला नाही. ही गोष्ट आमच्या शाळांतून किती मुलांना ठाऊक आहे? आम्ही एका इयत्तेत विचारले होते. एकही हात वर आला नाही. शाळा आमचीच होती, म्हणून अधिक लिहीत नाही.

तथापि होमरूलचे बॅप्टिस्टा इतिहासात येतात आणि नगरपालिकेचे बॅप्टिस्टा मागे पडतात. १९०१ साली ते मुंबई महानगरपालिकेचे सभासद झाले आणि सतरा वर्षे राहिले. त्या सतरा वर्षांत जयजयकार नव्हता. समित्या, हिशेब, पाणीपट्टी, चाळीतील शौचकूप. टपाल खात्यातील शिपायांची आणि गिरणी कामगारांची बाजू त्यांनी पुढे घेतली, ती त्यांची दुःखे जवळून पाहिलेली असल्यामुळेच.

येथे एक प्रश्न आम्हांला नेहमी विचारला जातो: 'मग फादर, तुम्हीच का उभे राहत नाही?' याचे उत्तर स्पष्ट आहे. १९८३ च्या धर्मसंहितेचे २८५ वे कलम धर्मगुरूंना शासनसत्ता चालविणारी सार्वजनिक पदे स्वीकारण्यास मनाई करते आणि २८७ वे कलम, वरिष्ठांनी विशेष कारण मानल्याखेरीज, राजकीय पक्षात सक्रिय भाग घेण्यास. पुष्कळांना ही बंदी वाटते. आमच्या मते ती वाटणी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात राजकारणाला कठीण पण उदात्त कला मानले आणि तिच्यासाठी प्रापंचिकांनी तयारी करावी असे सांगितले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ साली प्रापंचिकांविषयीच्या उपदेशपत्रात सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेण्याची कोणतीही सबब मान्य केली नाही. राजकारण गलिच्छ आहे ही सबबही त्यांत आली. सेमिनरीत आम्ही हे दस्तऐवज परीक्षेसाठी पाठ केले. त्यांचा अर्थ कळायला धर्मग्राम लागले.

धर्मगुरूने पद न घेता काय करावे, याचा दाखला वसईत आहे. १९९० साली वसईचे नियोजन सिडकोकडे गेले आणि बागायतीवर इमारतींचे सावट पडले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने 'हरित वसई'ची चळवळ झाली. २००९ साली वसई-विरार महापालिका झाली, तेव्हा गावे वगळावीत म्हणून गावकरी पुन्हा रस्त्यावर आले. चळवळ सर्वधर्मीयांची होती. वसईचा कॅथॉलिक शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ग्रामपंचायत पाहत आलेला. सात-बारा काय असतो हे त्याला लहानपणीच कळते. पुण्याचा कॅथॉलिक भाड्याच्या खोलीत, क्वार्टर्समध्ये, आता उपनगरांच्या इमारतींत विखुरलेला. हा फरक खरा आहे. 'आमची मते ती किती?' हे वाक्य त्यातूनच येते. एकट्या फुल्यांचे मत किती होते, हे वर सांगितलेच आहे.

शिवाय सभागृह ही शेवटची पायरी. तिच्या अलीकडे शेजार असतो. ज्या नाना पेठेत सिटी चर्च आहे, त्याच पेठेत निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात दरवर्षी तुकोबांची पालखी मुक्कामाला येते. ज्ञानोबांची पालखी शेजारच्या भवानी पेठेत. दोन दिवस सारा परिसर वारकऱ्यांनी भरून जातो. गी दलरी या फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरूंनी विठोबाच्या भक्तिसंप्रदायावर ग्रंथ लिहिला आणि तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६० साली प्रसिद्ध केला. फादर मॅथ्यू लेडर्ले या जर्मन येशूसंघीयांनी शनिवार पेठेत, वाड्यांच्या गजबजाटात 'स्नेहसदन' उभे केले. परदेशी माणसे वेस ओलांडून पेठेत गेली. येथेच जन्मलेल्या आम्हांला ती ओलांडायला काय अडचण आहे? आमच्या काही धर्मग्रामांत वारकऱ्यांसाठी पाणी व औषधांची सोय होते, ते पाहून बरे वाटते. ज्या गल्लीत आपण पाणी देतो, त्या गल्लीतला नळ कोणाच्या ठरावाने आला, हेही मग विचारावेसे वाटू लागते.

आमची एक चूक येथे नमूद करतो. पूर्वी आम्ही ज्या धर्मग्रामात होतो, तेथील दफनभूमीच्या भिंतीवर एके सकाळी रंगाची खूण दिसली. आराखड्यातील रस्त्याची रेषा आमच्या भिंतीच्या आतून जात होती. आम्ही संतापून धावलो. तेथील अधिकाऱ्याने शांतपणे फाइल उघडून दाखविले: मसुदा जाहीर झाला होता, वृत्तपत्रांत सूचना आली होती, हरकती घेण्याची मुदत देऊन ती संपलीही होती. शेजारच्या मंदिराच्या, मशिदीच्या, अगदी व्यायामशाळेच्या मंडळींनी लेखी हरकती दिल्या होत्या. आमची एकही नव्हती. त्या महिन्यात आम्ही सणाच्या मांडवाच्या वर्गणीचा हिशेब करीत होतो. त्या दफनभूमीत ज्यांची आईबापे निजली होती, त्यांना रविवारी वेदीवरून हे सांगताना आमचा आवाज चढला नाही. पुढे पुष्कळ खेपा घालून, शेजाऱ्यांच्याच मदतीने, रेषा थोडी सरकली; भिंतीचा एक कोपरा गेला.

वस्तुतः दारे पूर्वीपेक्षा अधिक आहेत. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली आणि तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद झाली; स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखल्या गेल्या, महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. पुणे महापालिकेने २००६ च्या सुमारास नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेण्याची पद्धत सुरू केली: पदपथ, दिवे, बाक, बसथांबा. क्षेत्रीय कार्यालयात एक साधा अर्ज भरायचा. हा मात्र 'आज्ञाधारक' अर्ज नव्हे; करदात्याने आपल्या पैशाविषयी दिलेली सूचना आहे. २०२२ च्या मार्चमध्ये सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे प्रशासकानेच कारभार पाहिला. लोकनियुक्त सभागृह नसलेले हे शहर किती जणांना अपुरे वाटले? छावणीत वाढलेल्या मनाला हुकुमाने चाललेला कारभार खटकत नाही, अशी शंका आम्हांला त्या काळात वारंवार आली.

दफनभूमीच्या त्या प्रसंगानंतर तेथील धर्मग्राम मंडळाने एक निवृत्त कारकून आणि एक नर्सबाई अशा दोघांवर एक काम सोपविले. दर सोमवारी वृत्तपत्रांतील जाहीर सूचना वाचायच्या, महिन्यातून एकदा क्षेत्रीय कार्यालयात जाऊन फलक पाहायचा आणि मिस्सानंतर चार ओळींत लोकांना सांगायचे. पहिले सहा महिने ऐकायला कोणी थांबत नसे. बाई म्हणाल्या, 'फादर, थांबू देत नाहीतर जाऊ देत, मी वाचणार.' काका बॅप्टिस्टा १९२५ साली मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. महापौर हे नाव त्या पदाला १९३१ नंतर मिळाले, पण काकांना आज सारे महापौरच म्हणतात. सभासद म्हणून पहिल्यांदा त्या सभागृहात पाऊल ठेवल्याला तेव्हा चोवीस वर्षे झाली होती.