पहाऱ्याकडून शुश्रूषेकडे

१८६० सालच्या दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमानें आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरविला. त्यामुळें जिवास कंटाळलेला मनुष्य रुग्णालयांत आला, कीं रोगी होण्याआधीं तो आरोपी होई आणि परिचर्येस पहाऱ्याचें रूप येई.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं पोळलेल्या यवतमाळ जिल्ह्यांत पैनगंगेकाठचा उमरखेड तालुका मोडतो. २०१५ सालीं शासनानें विदर्भ-मराठवाड्यांतील १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' आरंभिला. त्यांत यवतमाळ होता. खिन्नतेचीं लक्षणें घरोघर ओळखण्याचें काम आशा कार्यकर्त्यांकडे आलें. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें असा मनुष्य तीव्र ताणाखालीं असल्याचें गृहीत धरून त्याच्या उपचाराचें कर्तव्य शासनावर टाकलें. २०२३ च्या न्यायसंहितेंत तर जुनें कलम उरलेंच नाहीं.

परंतु कायदा पालटला तरी खाटेशेजारची दृष्टि आपोआप पालटत नाहीं. ती शिकवावी लागते. "जीव नकोसा वाटतो काय?" असें शांतपणें विचारल्यानें तो विचार मनांत रुजत नाहीं, उलट ओझें हलकें होतें, हा पहिला पाठ. रोग्यास एकटें न सोडणें हा दुसरा. घरीं पाठवितांना पुढील भेटीचा दिवस ठरविणें हा तिसरा. कारण त्यानंतरचे पहिले आठवडे फार नाजूक असतात. २०२२ पासून १४४१६ या दूरध्वनीवर 'टेलिमानस'चेंही साहाय्य आहे. धाकानें जें साधलें नाहीं, तें आपुलकीच्या विचारपुशीनें साधावयाचें आहे.