व्हेनिस येथील जर्मन वखार व ड्यूररचा मुक्काम

परक्या शहरीं कोठें उतरावें हा प्रश्न प्रवाशाच्या सोयीचा, असें आपण समजतों. जुन्या व्हेनिसांत तो पुष्कळदां सरकारच सोडवीत असे. रिआल्टो पुलालगत ‘फोंदाको देइ तेदेस्की’ नांवाची जर्मन व्यापाऱ्यांची वखार होती, इ. स. १२२८ पासून तिचा उल्लेख सांपडतो. ‘फोंदाको’ हें अरबी ‘फुंदुक’, म्हणजे सराई, ह्याचेंच रूप होय. जर्मन व्यापाऱ्यानें येथेंच राहावें, येथेंच माल ठेवावा, सौदा सरकारी दलालाच्या देखत करावा व जकात भरावी, असा दंडक होता. १६२१ सालीं तुर्कांसही अशीच निराळी वखार नेमून दिली गेली.

न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर १५०५ च्या उत्तरार्धांत व्हेनिसास आला, तो ह्याच वखारींत उतरला असावा, असा तर्क सहज सुचतो. आम्हांस तो ग्राह्य वाटत नाहीं. १५०५ च्या जानेवारींतच जुनी वखार आगींत जळाली; नवी इमारत १५०८ सालीं पुरी झाली, आणि ड्यूरर तर १५०७ सालींच स्वदेशीं परतला. शिवाय तो व्यापारी नव्हे. पिर्कहायमर ह्या मित्रास त्यानें १५०६ त व्हेनिसहून लिहिलेलीं दहा पत्रें उपलब्ध आहेत. तीं वाचतांना हा कालक्रम दृष्टीआड होऊं देऊं नये. भ्रमाचें मूळ बहुधा निराळें आहे. जर्मन व्यापाऱ्यांकरितां त्यानें गुलाबमाळेच्या उत्सवाचें चित्र काढिलें, व तें वखारीजवळच्या सान बार्तोलोमेओच्या देवळांत लागलें. तें चित्र हल्लीं प्रागमध्यें आहे.